साहेब अनेक, अशील एकच

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



वकील म्हटलं की काळा कोट, पांढरा बँड आणि कोर्टाची पायरी एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण आज असे कितीतरी वकील आहेत, की ज्यांचा काळा कोट घरी कपाटात टांगलेला आहे. ते सकाळी कंपनीच्या बसने कामाला जातात, गळ्यात ओळखपत्र अडकवतात, कॅन्टीनमध्ये जेवतात आणि महिनाअखेरीला पगार घेतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ४९ वा नियम असा आहे, की वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर तसं बार कौन्सिलला कळवायचं आणि ती नोकरी असेतोवर वकिली बंद ठेवायची. म्हणजे नेमणुकीचं पत्र स्वीकारलं की सनद बाजूला ठेवावी लागते. कायद्याचं ज्ञान मात्र बाजूला ठेवून चालत नाही. पगार त्याचाच मिळत असतो.

मी या मंडळींपैकी एक. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. लॉ कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली अधूनमधून भेटतात आणि विचारतात, "मॅडम, कंपनीत लागलोय, सुरुवात कुठून करू?" कराराचा कायदा त्यांना शिकवलेला असतो, पुराव्याचा कायदाही शिकवलेला असतो. पण एखादा पर्चेस मॅनेजर केबिनचं दार लावून समोर येऊन बसला तर त्याच्याशी काय बोलायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं. आज त्याबद्दल बोलायचं आहे. बोलणं मुख्यतः या मुलांशी आहे. पण कंपनीत काम करणाऱ्या आणि कंपनी चालवणाऱ्या मंडळींनीही ते ऐकावं, कारण वकिलाचा उपयोग करून घेणं शेवटी त्यांच्याच हातात असतं.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. कंपनीतल्या वकिलाचा अशील कोण? कोर्टातल्या वकिलाला हा प्रश्न पडत नाही. ज्याने वकीलपत्रावर सही केली तो अशील. कंपनीत तुमच्याकडे रोज वेगळे साहेब येतात. कारखान्याचे प्रमुख येतात, फायनान्सचे साहेब येतात, एचआरच्या मॅडम येतात, कधी थेट एमडींचा फोन येतो. प्रत्येकाला वाटतं, हा आपला वकील. प्रत्यक्षात यांतलं कोणीच तुमचं अशील नाही. अशील आहे ती कंपनी. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ साली सॉलोमनच्या खटल्यात ठरवून दिलं, की कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे. हा खटला आपण कॉलेजात परीक्षेपुरता पाठ करतो. त्याचा खरा अर्थ नोकरीत गेल्यावर उमगतो. या व्यक्तीची पंचाईत अशी, की तिला स्वतःचं तोंड नाही. ती आपल्याशी बोलते ती तिच्या माणसांच्या तोंडून. बहुतेक दिवस साहेबांचं हित आणि कंपनीचं हित एकाच दिशेने जात असतं, त्यामुळे हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. वाटा फुटतात त्या दिवशी तो एकदम समोर येतो.

मघाशी म्हटलेले पर्चेस मॅनेजर खरोखरच एकदा माझ्याकडे आले होते. दार लावलं आणि म्हणाले, "मॅडम, एक सांगायचंय. पण हे आपल्या दोघांतच राहू दे." मी म्हटलं, "थांबा, आधी माझं ऐका. मला सांगाल ते कंपनीच्या वकिलाला सांगितल्यासारखं आहे. कंपनीला कळायला हवं असं काही त्यात असलं, तर ते मला वर सांगावं लागेल. तुमचा स्वतःचा प्रश्न असेल तर बाहेरचा वकील गाठा. तो फक्त तुमचा असेल." गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक आहे, तरी सांगतो." तिमाही संपत आली होती, वरून आकड्यांचा तगादा होता आणि माल गेटच्या आत यायच्या आधीच त्याचा जीआरएन निघाला होता. बिलही पास झालं होतं. आम्ही त्याच दुपारी दोघं मिळून फायनान्सच्या प्रमुखांकडे गेलो. नोंद उलटवली, पुरवठादाराला कळवलं, हिशेब दुरुस्त झाला. प्रकरण अकरा दिवसांचं होतं म्हणून ते एका दुपारीत निस्तरलं. तेच वर्षअखेरीला ऑडिटरला सापडलं असतं तर त्याला वेगळं नाव पडलं असतं.

तेव्हा मुलांनो, हे वाक्य आधी बोलायला शिका. समोरचा सांगून मोकळा झाल्यावर "मी कंपनीचा वकील आहे" असं म्हणणं ही फसवणूक होते. त्याने तोंड उघडायच्या आधी सांगितलं तर तो प्रामाणिकपणा ठरतो. माझा अनुभव असा, की आधी सांगितल्यावरही बहुतेक माणसं बोलतात. त्यांना गुपितापेक्षा सल्ला हवा असतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत याची मोठी परीक्षा होते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिच्या निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा आणि चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. तक्रार एखाद्या वरिष्ठाविरुद्ध आली की तो वरिष्ठ हमखास वकिलाला बोलावतो. "जरा उत्तर लिहून दे" म्हणतो. कालपर्यंत तुम्ही त्याचीच पत्रं लिहीत होता, त्यामुळे त्याला यात गैर वाटत नाही. पण ते उत्तर लिहायचं नाही. कंपनीचं हित चौकशी नीट होण्यात आहे आणि तुम्ही तिचे वकील आहात. नम्रपणे, पण त्याच बैठकीत हे सांगून टाकावं.

दुसरी गोष्ट, खुर्ची सोडा. पहिल्या महिन्यात कायद्याची पुस्तकं कमी उघडा आणि कारखान्यात जास्त हिंडा. गेटवर उभे राहा, स्टोअरमध्ये जा, डिस्पॅचला जा, पर्चेसच्या माणसाशेजारी अर्धा दिवस बसा. तुमच्या कंपनीचे खरे करार तिथे होत असतात. पर्चेस ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असतात. पुरवठादाराच्या बिलावर तळाशी "पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात" असा शिक्का असतो, तर आपल्या ऑर्डरवर मुंबई लिहिलेलं असतं. दोन्ही कागद वर्षानुवर्षं एकमेकांना लावून फाइल होतात, पण एकत्र वाचत कोणी नाही. भांडण झालं की पहिली सहा महिन्यांची लढाई होते ती दावा कुठे चालवायचा यावर. मालाचा विषय त्यानंतर निघतो. हे तुम्हाला कायद्याच्या पुस्तकात दिसणार नाही, पर्चेसच्या टेबलावर दिसेल.

करार हातात आला की मी चार प्रश्न साध्या मराठीत विचारते. कोण काय देणार? पैसे कधी आणि कशावर देणार? बिघडलं तर कोण किती भरणार? आणि यातून बाहेर कसं पडायचं? करार आणणाऱ्या माणसाला या चारांची उत्तरं तोंडी देता आली नाहीत, तर करार अजून झालेला नाही असं समजावं, मग तो चाळीस पानी असला तरी. बऱ्याचदा त्या माणसालाच बोलता बोलता कळतं, की तिसऱ्या प्रश्नावर आपण समोरच्याशी बोललेलोच नाही.

आणि जुन्या करारांतली कलमं जशीच्या तशी उचलू नका. एक उदाहरण देते. "वाद झाल्यास आमचे एमडी ठरवतील तो लवाद" असं कलम अनेक कंपन्यांच्या करारांत पिढ्यान् पिढ्या चालत आलं. लवाद कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात सांगितलं, की ज्याला वादाच्या निकालात रस आहे त्याला एकमेव लवाद एकट्याने नेमता येणार नाही. तरीही ते कलम कॉपी होत राहतं. मग लवादासमोर जायच्या आधी लवाद कोण यासाठीच कोर्टात जावं लागतं. तीच गोष्ट स्टॅम्पची. "शंभराच्या स्टॅम्पवर करून टाका" हे वाक्य अजून ऐकू येतं, पण महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक दस्तांना किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. कमी स्टॅम्पचा दस्त रद्द होत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून उभा राहत नाही. आणि दंड भरायची वेळ नेमकी अडचणीच्या दिवसांत येते.

तिसरी गोष्ट तारखांची. आपल्याकडे घरोघरी भिंतीवर कॅलेंडर असतं आणि दूधवाल्याचे खाडे त्यावर लिहिलेले असतात. कंपनीच्या वकिलाला तसंच एक कॅलेंडर हवं. संगणकावर असो की वहीत, पण ते दोन माणसं रोज बघत असावीत. एक रजेवर गेलं तर दुसरं असतं.

त्यावर काय लिहायचं? चेक वटला नाही, तर बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर कोर्ट सबळ कारण असल्यास माफ करू शकतं. नोटिशीला उशीर झाला तर तशी माफी नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तरच तो पुन्हा बँकेत भरून नवी संधी मिळते. आणि बँकेचा तो कागद कुठे असतो? अकाउंट्समधल्या एखाद्या क्लार्कच्या ट्रेमध्ये. त्याला हा हिशेब कोणी सांगितलेलाच नसतो. त्याच्याशी ओळख करून घ्या.

उधारीच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. पण मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. अकाउंट्सची मंडळी दर मार्चला बाकी मान्य असल्याची पत्रं मागवतात ती त्यांना ऑडिटरसाठी हवी असतात. तीच पत्रं तुमचा दावा वाचवतात. तेव्हा ती सहीनिशी परत आली की नाही, हे मार्चनंतर एकदा विचारा.

दुसऱ्या बाजूने, आपल्याविरुद्ध दावा आला तर? तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेच्या व्यापारी दाव्यात समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. कोर्टाने सवलत दिली तरी १२० दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने आणि फार तर वर ३० दिवस. आता बघा, हे समन्स कंपनीत कोण घेतं? एमडी घेत नाहीत. गेटवरचा रखवालदार घेतो, तो रिसेप्शनला देतो, रिसेप्शन ॲडमिनला देतं, ॲडमिनचा माणूस गावी गेलेला असतो. मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते, की गेटवर आणि रिसेप्शनला जाऊन एवढंच शिकवा: कोर्टाचा, सरकारी किंवा वकिलाचा कागद आला, तर पाकिटावर तारीख, वेळ आणि सही. पाकीट फेकायचं नाही. आणि त्याच दिवशी लीगलला फोन. एका रबरी शिक्क्याचा हा खर्च आहे.

भोसरीच्या छोट्या वर्कशॉपकडून माल घेणाऱ्या कंपन्यांसाठी आणखी एक तारीख. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. परिषदेने निवाडा विरुद्ध दिला तर त्याला आव्हान देताना आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. "नव्वद दिवसांचं क्रेडिट आहे" असं अभिमानाने सांगणाऱ्या पर्चेसवाल्यांना हे एकदा शांतपणे समजावून सांगा.

चौथी गोष्ट लिहिण्याची. आपल्या मनात एक समजूत असते, की वकील-अशील यांच्यातलं बोलणं गुप्त असतं आणि मी वकील आहे, म्हणून माझी ईमेलही गुप्त. ही समजूत अगदी निराधार नव्हती. मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पगारी कायदा सल्लागारालाही ते संरक्षण मान्य केलं होतं. १९८२ च्या निकालसंग्रहात तो निवाडा आहे आणि आम्ही महाराष्ट्रातली मंडळी वर्षानुवर्षं त्यावर विसंबून होतो. आता तसं विसंबता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या एका प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सांगितलं, की कंपनीत नोकरी करणारा वकील हा कोर्टात वकिली करणारा वकील नव्हे, म्हणून कलम १३२ चं संरक्षण त्याला नाही. कंपनीने किंवा तिच्या वतीने त्याने बाहेरच्या कायदा सल्लागाराशी केलेला गोपनीय पत्रव्यवहार कलम १३४ खाली सुरक्षित राहतो. मालक आणि नोकरीतला वकील यांच्यातला पत्रव्यवहार मात्र त्यात येत नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? काही जण म्हणतील, मग लिहायचंच नाही. ते चूक आहे. लेखी काही नसलं की पुढे सगळे "मला कोणी सांगितलंच नव्हतं" म्हणायला मोकळे होतात. लिहा, पण उद्या न्यायाधीश वाचतील असं धरून लिहा. घडलेलं वेगळं लिहा, आपलं मत वेगळं लिहा. "आपण यात सरळसरळ दोषी आहोत" असं अर्ध्या माहितीवर रात्री अकरा वाजता ठोकून देऊ नका. काय माहीत आहे, काय तपासायचं बाकी आहे, ते लिहा. आणि प्रकरण गंभीर वाटलं तर बाहेरच्या वकिलाला लवकर बोलवा. त्याची फी वाचवायला जाऊन संरक्षण घालवू नका. त्याच्याकडे जाताना फाइलींचा गठ्ठा पाठवण्याऐवजी तारीखवार दोन पानी टिपण द्या. ज्या फोरमनने ते मशीन प्रत्यक्ष बघितलं आहे त्याला सोबत न्या.

पुसायचं मात्र काहीच नाही. वाद समोर दिसत असताना पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे. उलट जपून ठेवायचं. आजकाल निम्मे व्यवहार व्हॉट्सॲपवर ठरतात. असा मजकूर कोर्टात नेताना सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे पक्कं केलं. नव्या कायद्याच्या कलम ६३ मध्येही ते आहे. ज्याच्या फोनवर तो मजकूर आहे तो माणूस नोकरी सोडून जायच्या आत हे काम उरका.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत जड गोष्ट. वाईट बातमी वर नेणं.

अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीची हकिगत तरुण कंपनी-वकिलांनी जरूर अभ्यासावी. शेव्हरोले कोबाल्टसारख्या त्यांच्या काही गाड्यांत चावीचा स्विच सैल होता. गुडघा लागला किंवा चावीच्या जुडग्याचा भार आला की चालू गाडीत चावी मागे फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद आणि नेमक्या धडकेच्या वेळी एअरबॅग उघडायची नाही. तो भाग एका डॉलरहूनही कमी किमतीचा होता. २००६ साली त्याची रचना गुपचूप बदलली, पण भागाचा क्रमांक तोच राहिला. त्यामुळे पुढच्या गाड्यांत हा दोष का दिसत नाही, हे इंजिनिअरांनाच वर्षानुवर्षं उमजेना. २०१० साली जॉर्जियात एका तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवला, तेव्हा तो फरक बाहेर आला. गाड्या परत बोलावायला फेब्रुवारी २०१४ उजाडलं. परत बोलावलेल्या गाड्यांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. कंपनीच्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यू मान्य केले. सप्टेंबर २०१५ मध्ये फौजदारी कारवाई मिटवताना कंपनीने ९० कोटी डॉलर भरले.

या प्रकरणात कंपनीच्या बोर्डाने बाहेरचे वकील अँटन व्हॅल्युकस यांच्याकडून चौकशी करवून घेतली. त्यांचा अहवाल जून २०१४ मध्ये आला. तो वाचताना माझं लक्ष गेलं ते कायदा विभागाच्या भागाकडे. अपघातांचे दावे याच विभागाकडे येत होते. वकील एकेक दावा तपासत होते, तडजोड करत होते, फाइल बंद करत होते. दंडात्मक भरपाई बसू शकते असं बाहेरच्या वकिलांनी त्यांना लेखी कळवलंही होतं. पण ठराविक रकमेच्या आतल्या तडजोडी मुख्य वकिलापर्यंत जायची पद्धत नव्हती. त्यांना हा विषय कळला तो फेब्रुवारी २०१४ मध्येच. संगनमताने माहिती दडवली असा निष्कर्ष त्या अहवालाने काढलेला नाही. त्यात वर्णन आहे ते बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचं नाही, या सवयीचं. पंधरा जणांना कंपनीने घरी पाठवलं, त्यांत वकीलही होते.

प्रत्येक फाइल नीट हाताळली गेली होती, असं धरून चालू. सगळ्या फाइली एका टेबलावर शेजारी शेजारी कुणी मांडल्या नाहीत, एवढंच. म्हणून माझा सल्ला असा, की दर तिमाहीला एक पान काढा. एकाच मालाबद्दल, एकाच ठेकेदाराबद्दल, एकाच शेडबद्दल किती तक्रारी आल्या? आणि जिथे माणूस दगावला किंवा जबर जखमी झाला, ते प्रकरण रक्कम कितीही लहान असो, सर्वांत वरच्या टेबलावर गेलंच पाहिजे असा नियम लेखी करून घ्या. जनरल मोटर्सच्या मुख्य वकिलांनीही जुलै २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे असाच नियम केल्याचं सांगितलं. आपण तो माणसं जायच्या आधी करावा.

वर जायचं कसं? एक पान लिहा. काय घडलं, काय अजून माहीत नाही, कायदा काय म्हणतो, पुढे कोणते मार्ग आहेत, प्रत्येकाचा खर्च किती आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा. आधी आपल्या वरिष्ठांना द्या. उत्तर आलं नाही तर आठवण द्या, तीही लेखी. मग त्यांना सांगून वरच्या पायरीवर जा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची स्वतंत्र व्यवस्था ठेवायला लावली आहे. योग्य प्रकरणात थेट ऑडिट समितीच्या अध्यक्षांकडे जाण्याची सोय त्यात आहे. ती वाट कुठून जाते हे गरज पडायच्या आधी बघून ठेवा.

हे सोपं नाही, मला माहीत आहे. घराचे हप्ते मलाही होते, मुलांच्या फिया मलाही होत्या. पण दरवेळी प्रश्न नोकरीवर येत नाही. पुष्कळदा साहेबांना फक्त एक वाट हवी असते आणि आपण नुसतं "चालणार नाही" म्हणून परत येतो. एकदा एक वरिष्ठ म्हणाले, "जुलै चालू आहे, पण करारावर १ एप्रिलची तारीख टाका." मी म्हटलं, "साहेब, तारीख आजचीच राहील. पण करार १ एप्रिलपासून अमलात धरावा असं दोन्ही पक्षांना मान्य असेल, तर तसं आत लिहून देते." त्यांचं काम झालं. कागद खोटा झाला नाही. त्यांना खोटा कागद मुळात नकोच होता. एप्रिलपासूनचे दर लागू करायचे होते. "नाही" म्हणण्याआधी समोरच्याला नेमकं काय हवंय ते विचारलं, तर दहांतल्या आठ वेळा असा मार्ग निघतो. उरलेल्या दोन वेळा मात्र "नाही" म्हणावं लागतं, आणि ते त्या दिवशी ऐकलं जातं, कारण आधीच्या आठ वेळा तुम्ही मदत केलेली असते.

कंपनी चालवणाऱ्या श्रोत्यांना जाता जाता एवढंच सांगते. वकिलाला सही झाल्यावर बोलावलं तर तो तुम्हाला परिणाम सांगू शकतो. सही व्हायच्या आधी बोलावलं तर मजकूर बदलू शकतो. पगार दोन्हीचा तेवढाच आहे.

आणि नव्या वकिलांनो, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा कारखान्यात चक्कर मारा. प्रमुखांबरोबर चहा घ्या आणि त्यांना विचारा, "साहेब, असं काय आहे जे मला आणखी तीन महिन्यांनी कळणार आहे?" पहिल्या वेळी ते हसतील. दुसऱ्या वेळी विषय बदलतील. तिसऱ्या वेळी बहुधा दार लावून घेतील. तेव्हा मघाशी सांगितलेलं ते वाक्य आधी बोला आणि मग वही उघडा.